पडद्यावरचे पिक्सेल आणि सलव्याचे ऊन

स्मार्टफोनच्या पडद्याचे रिझोल्यूशन दोन आकड्यांत सांगतात: रुंदीत किती पिक्सेल आणि उंचीत किती. १०८० × २३४० च्या पडद्यावर सुमारे २५ लाख पिक्सेल असतात, तर १४४० × ३१२० च्या पडद्यावर सुमारे ४५ लाख. एवढ्यावरून मात्र पडदा किती स्पष्ट दिसेल हे कळत नाही. तेच पिक्सेल लहान पडद्यावर दाट बसतात आणि मोठ्या पडद्यावर विरळ होतात. म्हणून दोन फोनची तुलना करायची तर दर इंचात किती पिक्सेल, म्हणजे पीपीआय, हे माप धरावे लागते. ते काढायला शाळेतला पायथागोरसचा सिद्धांत पुरतो. रुंदी आणि उंचीच्या पिक्सेलसंख्यांचे वर्ग करून बेरीज करायची, वर्गमूळ काढायचे आणि पडद्याच्या कर्णाची लांबी जितके इंच असेल त्याने भागायचे. सॅमसंग गॅलक्सी एस२४ चा पडदा ६.२ इंचांचा आणि १०८० × २३४० चा आहे. वर्गमूळ येते २५७७ आणि पीपीआय ४१६. एस२४ अल्ट्राचा पडदा ६.८ इंचांचा, १४४० × ३१२० चा. त्याचे उत्तर ५०५. या ४१६ आणि ५०५ मध्ये माणसाच्या डोळ्याला जाणवेल असा किती फरक आहे, यावर रिझोल्यूशनची सगळी चर्चा येऊन ठेपते.

ही चर्चा कुवेतमधल्या सलव्यासारख्या ठिकाणी बसून केली, तर तिला वेगळे वळण लागते. सलवा हा हवल्ली प्रांतातला, आखाताच्या किनाऱ्यालगतचा निवासी भाग. रुमैथिया, बयान, मिश्रफ हा त्याचा शेजार. फोन घ्यायला इथले लोक एक्स-साइट, युरेका किंवा लुलूच्या दालनात जातात, नाहीतर हवल्लीत इब्न खलदून रस्त्यावरच्या दुकानांत. आयफोन, गॅलक्सी, शाओमी अशी निरनिराळ्या किमतींची मॉडेले तिथे एका काउंटरवर शेजारी-शेजारी मांडलेली असतात आणि दालनाच्या सौम्य प्रकाशात सगळीच सुरेख दिसतात. फरक कळतो तो बाहेर पडल्यावर. कुवेत सुमारे २९ उत्तर अक्षांशावर आहे. जूनच्या अखेरीस दुपारचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो. २१ जुलै २०१६ रोजी मित्रिबा येथे ५३.९ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले आणि जागतिक हवामान संघटनेने २०१९ मध्ये ही नोंद ग्राह्य धरली. अशा उन्हात आणि उष्णतेत पडद्याची कसोटी रिझोल्यूशनवर लागत नाही. दुसरीकडे, इथला मराठी वाचक बातम्या, दिवाळी अंकांतले लेख, नातेवाइकांचे लांबलचक निरोप फोनवरच वाचतो आणि तेही देवनागरीत. त्या लिपीच्या बारकाव्यांसाठी पिक्सेलची दाटी एका मर्यादेपर्यंत खरोखर मोलाची असते.

रिझोल्यूशनच्या स्पर्धेचा इतिहास फार लांबचा नाही. नोकिया ३३१० चा पडदा ८४ × ४८ ठिपक्यांचा होता आणि त्या काळी तो पुरेसा होता, कारण त्यावर आकडे आणि छोटे निरोप यापलीकडे काही वाचायचे नव्हते. २००७ चा पहिला आयफोन ३२० × ४८० चा, १६३ पीपीआयचा. खरी उडी पडली ती जून २०१० मध्ये, आयफोन ४ बरोबर. पडद्याचा आकार तोच ३.५ इंच ठेवून अॅपलने रुंदी-उंचीतले पिक्सेल दुप्पट केले: ६४० × ९६०, ३२६ पीपीआय. या पडद्याला 'रेटिना' असे नाव मिळाले. फोन दहा-बारा इंचांवर धरला तर तीनशे पीपीआयच्या आसपास डोळ्याची मर्यादा येते, असे स्टीव्ह जॉब्स यांनी तेव्हा मंचावरून सांगितले होते. त्याच वर्षीचा पहिला गॅलक्सी एस ४ इंचांच्या पडद्यावर ४८० × ८०० पिक्सेल देत होता. तिथून पुढची पाच वर्षे आकडे वाढतच गेले. २०१२ च्या अखेरीस जपानमध्ये आलेल्या एचटीसीच्या जे बटरफ्लायने ५ इंचांत १०८० × १९२० पिक्सेल बसवले. २०१३ च्या गॅलक्सी एस४ ने ते जगभर नेले. २०१४ मध्ये ओप्पो फाइंड ७ आणि एलजी जी३ हे १४४० × २५६० वर पोहोचले आणि २०१५ च्या गॅलक्सी एस६ ने तेवढेच पिक्सेल ५.१ इंचांत कोंबून पीपीआय ५७५ च्या वर नेला.

या चढणीचे टोक म्हणजे सोनीचा एक्सपीरिया झेड५ प्रीमियम. २०१५ च्या सप्टेंबरमध्ये बर्लिनच्या प्रदर्शनात तो दाखवला गेला. ५.५ इंचांच्या पडद्यावर २१६० × ३८४० पिक्सेल, म्हणजे दर इंचात आठशेहून जास्त. दिवाणखान्यातल्या ४के टीव्हीइतकेच पिक्सेल तळहातावर आले होते. परंतु हा फोन एरवीची कामे १०८० पिक्सेलमध्येच करायचा. पूर्ण ४के फक्त फोटो आणि व्हिडिओ पाहायच्या त्याच्या स्वतःच्या अॅपमध्ये दिसायचे. ज्या कंपनीने एवढा पडदा बनवला, तिलाच तो सतत पूर्ण क्षमतेने चालवणे परवडणारे वाटले नाही, ही गोष्ट फार बोलकी आहे. सोनीने पुढे २०१९ च्या एक्सपीरिया १ मध्ये १६४४ × ३८४० चा पडदा आणला, ती मालिका काही वर्षे चालवली, आणि मे २०२४ मध्ये एक्सपीरिया १ सिक्स आणताना ४के सोडून दिले. त्या फोनवर १०८० × २३४० पिक्सेल आहेत, सुमारे ३९६ पीपीआय.

सॅमसंगची माघार अधिक सावकाश झाली. गॅलक्सी एस७ ला अँड्रॉइड नूगाटचे अपडेट मिळाले तेव्हा सेटिंगमध्ये रिझोल्यूशन निवडायची सोय आली. २०१७ चा एस८ तर १४४० × २९६० चा पडदा असूनही कारखान्यातून १०८० × २२२० वर बेतूनच यायचा. बहुसंख्य ग्राहक सेटिंगच्या त्या पानापर्यंत जात नाहीत. ज्या रिझोल्यूशनसाठी त्यांनी पैसे मोजले ते त्यांनी कधी पाहिलेच नाही, आणि कमी दिसते अशी त्यांना शंकाही आली नाही. २०२१ मध्ये सॅमसंगने साध्या एस२१ ला १०८० × २४०० चा पडदा दिला आणि १४४० ची रुंदी अल्ट्रापुरती राखली. २०२५ मध्ये वनप्लसनेही १४४० सोडून वनप्लस १५ मध्ये १२७२ × २७७२ चा पडदा बसवला. चिनी कंपन्या ज्याला '१.५के' म्हणतात तो हा मधला टप्पा. पडद्याच्या बाबतीत आज तो सर्वांत शहाणपणाचा म्हणता येईल.

ही माघार का घ्यावी लागली, याचे उत्तर डोळ्याच्या रचनेत आहे. नेत्रतपासणीत ज्याला सहा-बाय-सहा दृष्टी म्हणतात, ती असलेला माणूस एका अंशाचा साठावा भाग, म्हणजे एक कला एवढ्या कोनाचा तपशील ओळखतो. फोन ३० सेंटीमीटरवर धरला तर हा कोन ०.०८७ मिलिमीटरचा होतो, आणि त्याचा पीपीआय येतो २९१. जॉब्स यांचा तीनशेचा आकडा इथूनच आला. पण सहा-बाय-सहा ही दृष्टीची कमाल नव्हे. निरोगी तरुण डोळे त्याहून सूक्ष्म पाहतात. केंब्रिज विद्यापीठ आणि मेटा रिअॅलिटी लॅब्ज यांच्या संशोधकांचा या विषयावरचा अभ्यास ऑक्टोबर २०२५ मध्ये 'नेचर कम्युनिकेशन्स'मध्ये प्रसिद्ध झाला. सरसकट धरल्या जाणाऱ्या दर अंशी साठ पिक्सेलऐवजी काळ्या-पांढऱ्या तपशिलासाठी सरासरी मर्यादा दर अंशी ९४ पिक्सेल निघाली. लाल-हिरव्या तपशिलासाठी ८९, आणि पिवळ्या-जांभळ्यासाठी अवघी ५३. हे ९४ पिक्सेल ३० सेंटीमीटर अंतरासाठी पीपीआयमध्ये बदलले तर उत्तर येते ४५६. अॅपलने २०२० च्या आयफोन १२ पासून जो आकडा धरून ठेवला आहे तो ४६०. आयफोन १७ च्या ६.३ इंची, १२०६ × २६२२ च्या पडद्याचाही तोच. ५०५ पीपीआयचा पडदा या मर्यादेच्या पलीकडे आहे, ४१६ चा थोडा अलीकडे. एस२४ आणि एस२४ अल्ट्रा यांच्या किमतीत बराच फरक आहे. तो द्यायला कॅमेरा, पेन, बॅटरी अशी कारणे असू शकतील, पण केवळ रिझोल्यूशनसाठी तो देण्याजोगा नाही. चाळिशी ओलांडलेला माणूस फोन चाळीस सेंटीमीटरवर नेतो, तेव्हा तीच ९४ ची मर्यादा ३४२ पीपीआयवर येते.

इथे एक पोटप्रश्न आहे, तो टाळून तुलना पुरी होत नाही. एलसीडी पडद्यावर प्रत्येक पिक्सेलला लाल, हिरवा, निळा असे तीन उपपिक्सेल असतात. बहुतेक ओलेड पडद्यांवर दोनच असतात: हिरवा प्रत्येक पिक्सेलला, पण लाल आणि निळा एकाआड एक. या मांडणीला पेनटाइल म्हणतात. पहिल्या गॅलक्सी एसच्या ४८० × ८०० पडद्यावर त्यामुळे ७,६८,००० उपपिक्सेल होते, तर तेवढ्याच रिझोल्यूशनच्या गॅलक्सी एस २ वर पूर्ण मांडणीमुळे ११,५२,०००. कागदावर दोन्ही सारखे, पण पहिल्यावर अक्षरांच्या कडा करवतीसारख्या दिसत. ४६० पीपीआयच्या पेनटाइल पडद्यावर लाल आणि निळ्याची दाटी प्रत्यक्षात ३२५ च्या आसपास भरते. डोळा मुख्यतः हिरव्यावरून तपशील टिपत असल्याने एवढ्या दाटीला ते खपून जाते. म्हणून ओलेड फोनसाठी चारशेच्या वरचा आकडा मागणे रास्त आहे, आणि एलसीडी फोनला त्याहून कमी आकडा चालतो.

रोमन लिपीपेक्षा देवनागरी पडद्याकडून जास्त मागते. शिरोरेखेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार. खाली उकार आणि ऋकार. मधे जोडाक्षरांची दाटी. तीन मजल्यांची ही लिपी रोमन अक्षरांएवढ्याच ओळीच्या उंचीत बसवली की प्रत्येक मजल्याच्या वाट्याला कमी पिक्सेल येतात. मात्रेपासून उकारापर्यंत ३ मिलिमीटर उंचीची ओळ धरली तर १६३ पीपीआयवर तिला १९ पिक्सेल मिळतात, २६० वर ३१, ४६० वर ५४. आकड्यांपेक्षा 'घर' आणि 'धर' ही जोडी बरेच काही सांगते. 'घ' आणि 'ध' यांच्यातला फरक शिरोरेखेत पडलेल्या छोट्या फटीचा आणि डोक्यावरच्या गाठीचा. 'मात' आणि 'भात', 'मार' आणि 'भार' यांचेही तसेच. बारीक टायपात ही फट जेमतेम दशांश मिलिमीटरची असते. १६३ पीपीआयच्या पडद्याचा एकच पिक्सेल ०.१५६ मिलिमीटरचा, म्हणजे फटीहून मोठा. तिथे फट करड्या डागात विरघळते आणि वाचक संदर्भावरून अक्षर ओळखतो. २६० पीपीआयवर फट एका पिक्सेलएवढी होते, तरी कडा करडीच राहते. ४६० वर तिच्या वाट्याला दोन पिक्सेल येतात आणि ती फट म्हणून दिसते. मजकूर सलग वाचताना हा फरक लक्षात येत नाही, पण तासाभराने डोळे थकतात ते अशा शेकडो छोट्या ओळखींनी.

अर्थात नुसत्या पिक्सेलनी अक्षर घडत नाही. २०१० च्या आसपास अनेक अँड्रॉइड फोनवर देवनागरीच्या जागी रिकामे चौकोन दिसत, किंवा वेलांटी व्यंजनाच्या चुकीच्या बाजूला पडे. तो दोष पडद्याचा नव्हता, लिपी जुळवणाऱ्या सॉफ्टवेअरचा होता. मराठी भाषेतले मेनू अँड्रॉइडमध्ये ५.० आवृत्तीबरोबर २०१४ मध्ये आले. टंकाचे कामही तितकेच महत्त्वाचे. र. कृ. जोशी यांनी मायक्रोसॉफ्टसाठी केलेला 'मंगल' विंडोज २००० मधून घराघरांत पोहोचला. विरळ पिक्सेलच्या पडद्यावर देवनागरी वाचता यावी हा त्यामागचा हिशेब होता. आज फोनवर गुगलचा 'नोटो सान्स देवनागरी' सर्रास दिसतो, आणि मुंबईच्या 'एक टाइप'चा 'मुक्त' अनेक संकेतस्थळांवर. चांगला टंक तीनशे पीपीआयवर जे साधतो ते वाईट टंक पाचशेवरही साधत नाही.

जास्त रिझोल्यूशन म्हणजे पडद्यावर जास्त मजकूर मावतो, ही समजूत दुकानात हमखास ऐकू येते. तसे होत नाही. फोनची प्रणाली पिक्सेलचे गट करून त्यांचे मोठे एकक बनवते आणि अक्षरे, बटणे त्या एककात मोजते. २०१७ च्या आयफोन एक्सची रुंदी ११२५ पिक्सेल आहे. तीन-तीनचा गट केला की ३७५ एकके होतात. २०१८ च्या, स्वस्त आयफोन एक्सआरची रुंदी फक्त ८२८ पिक्सेल. तिथे गट दोन-दोनचा, म्हणून ४१४ एकके. कमी रिझोल्यूशनच्या फोनवर ओळीत जास्त शब्द बसतात, कारण त्याचा पडदा रुंद आहे. वयस्क वाचकासाठी तर पीपीआयपेक्षा अक्षराचा आकार वाढवायची सेटिंग कितीतरी उपयोगी, आणि ती प्रत्येक फोनमध्ये असते.

सलव्यातल्या वाचकाला सर्वांत जास्त भिडणारा भाग यापुढचा आहे. उघड्यावर दुपारच्या उन्हाची तीव्रता एक लाख लक्सच्या घरात जाते. फोनची साधी काच त्यातला सुमारे साडेचार टक्के प्रकाश परत फेकते. ढोबळ हिशेबासाठी हा प्रकाश सगळीकडे सारखा पसरतो असे धरले, तर बंद पडदासुद्धा सुमारे १४०० निट (निट हे पडद्याच्या उजेडाचे माप) उजेडाने उजळलेला असतो. काळ्या अक्षरातला काळेपणा एवढ्या उजेडाने झाकला जातो. पडदा ५०० निटचा असेल तर पांढऱ्या कागदाचा आणि काळ्या अक्षराचा उजेड यांचे गुणोत्तर फक्त १.३५ उरते, १५०० निटला ते २ होते. वेबच्या सुलभतेचे नियम मोठ्या अक्षरांसाठी निदान ३ आणि साध्या मजकुरासाठी ४.५ मागतात. म्हणजे नुसता उजेड वाढवूनही भागत नाही. परावर्तन पाऊणपट कमी केले, तर तोच १५०० निटचा पडदा ५ च्या वर जातो. सॅमसंगने जानेवारी २०२४ मध्ये एस२४ अल्ट्रावर कॉर्निंगची गोरिल्ला आर्मर काच बसवली, ती परावर्तन ७५ टक्क्यांपर्यंत घटवते असा कॉर्निंगचा दावा आहे. सलव्याच्या किनाऱ्यावर उभे राहून नकाशा पाहणाऱ्याला एस२४ आणि एस२४ अल्ट्रातला जो फरक खरोखर जाणवेल तो हा, पिक्सेलचा नव्हे. आयफोन १७ वरही परावर्तन कमी करणारा लेप आला आहे आणि उन्हातला कमाल उजेड ३००० निट सांगितला आहे.

इथे दोन सावधगिरीच्या गोष्टी आहेत. पहिली जाहिरातीतल्या निटची. वनप्लस १२ च्या जाहिरातीत ४५०० निट होते. हा आकडा पडद्याच्या छोट्याशा भागापुरता आणि एचडीआर चित्रापुरता. उन्हात पूर्ण पडदा उजळण्याचा त्याच फोनचा आकडा १६०० आहे. तुलना करायची तर हा दुसरा आकडा शोधावा. दुसरी गोष्ट वरून चिकटवलेल्या काचेची. कुवेतच्या हवेत वाळूची बारीक धूळ असते, वाळूतला क्वार्ट्झ काचेवर ओरखडे पाडतो, म्हणून दुकानातून निघतानाच फोनवर टेम्पर्ड ग्लास बसवून घ्यायची रीत पडली आहे. मात्र साध्या काचेचे असे संरक्षण बसवले की परावर्तन पुन्हा पूर्ववत होते आणि महागड्या काचेचा मुख्य फायदा तिथेच संपतो. संरक्षण हवेच असेल तर परावर्तनरोधक लेप असलेले मागून घ्यावे. उन्हाचा पोलराइज्ड चष्मा लावणाऱ्यांनी तो लावूनच पडदा उभा-आडवा धरून पाहावा; काही फोन एका दिशेत काळवंडतात.

उष्णता ही उजेडाची वैरी. आयफोन ० ते ३५ अंश सेल्सिअस तापमानात वापरावा, असे अॅपलच सांगते, आणि उभ्या गाडीत फोन ठेवू नका असेही बजावते. उन्हाळ्यातल्या कुवेतमध्ये सावलीतले तापमानसुद्धा ३५ च्या खूप वर असते. १ जून ते ३१ ऑगस्ट या काळात सकाळी ११ ते दुपारी ४ पर्यंत उघड्यावर काम करून घ्यायला तिथे सरकारी बंदी आहे, यावरून कल्पना यावी. फोन तापला की तो स्वतःच पडद्याचा उजेड उतरवतो. म्हणजे उजेडाची गरज सर्वाधिक असते तेव्हाच तो मिळत नाही. ३००० निटचा फोन गाडीच्या डॅशबोर्डवर नकाशा लावून अर्धा तास ठेवला, तर तो ३००० निटचा राहत नाही. फोन तापण्यात रिझोल्यूशनचाही हातभार असतो. १४४० च्या पडद्यावर प्रत्येक चित्रासाठी १०८० च्या पावणेदोनपट पिक्सेल रंगवावे लागतात; १२० हर्ट्झला हे काम सेकंदाला १२० वेळा. २०२० चा गॅलक्सी एस२० अल्ट्रा म्हणूनच १२० हर्ट्झ फक्त कमी रिझोल्यूशनवर देत होता. दोन्ही एकत्र पुढच्या वर्षीच्या एस२१ अल्ट्रापासून मिळू लागले. ज्यांच्या फोनमध्ये निवडीची सोय आहे त्यांनी उन्हाळ्यात १०८० ठेवावे. बॅटरी आणि तापमान दोन्हींना थोडा दिलासा मिळतो आणि डोळ्याला तोटा जवळजवळ काहीच होत नाही.

पडद्यावर काय येते यालाही मर्यादा आहेत. सलव्यातून पुण्याला किंवा रत्नागिरीला केलेल्या व्हिडिओ कॉलमधले चित्र दोन्ही टोकांच्या नेटवर्कवर ठरते. झैन, उरिडू आणि एसटीसी या तिन्ही कंपन्यांचे ५जी कुवेतमध्ये आहे, पण पलीकडे गावातले नेटवर्क अशक्त असेल तर चेहरा धूसरच दिसणार, फोन कितीही पीपीआयचा असो. व्हॉट्सअॅप फोटो लहान करून पाठवते. ऑगस्ट २०२३ पासून त्यात एचडीचा पर्याय आहे, तो निवडावा लागतो. आईने पाठवलेल्या हस्तलिखित चिठ्ठीच्या फोटोसाठी तो जरूर निवडायला सांगावा. इथे पिक्सेल खरोखर वाचवायचे असतात. चित्रपटांच्या अॅपचे गणित निराळे. अँड्रॉइड फोनला वाइडवाइन या नक्कल रोखणाऱ्या प्रणालीचे एल१ प्रमाणपत्र नसेल तर अॅप एचडी चित्र पाठवतच नाही. ऑगस्ट २०१८ मध्ये भारतात आलेल्या पोको एफ१ चा पडदा १०८० × २२४६ चा होता, पण हे प्रमाणपत्र नसल्याने सुरुवातीला त्यावर नेटफ्लिक्स एचडीत दिसत नसे. २०१९ मध्ये अपडेटने ते मिळाले. गुगल प्ले स्टोअरवरच्या एखाद्या मोफत अॅपने हे प्रमाणपत्र घरच्या घरी तपासता येते.

एवढा विचार केल्यावर किमतीच्या वरच्या टोकाला रिझोल्यूशन हा निवडीचा निकष उरत नाही. आयफोन १७ चे ४६०, गॅलक्सी एस२५ चे ४१६, एस२५ अल्ट्राचे पाचशेच्या जवळ: यांत निवड उजेड, परावर्तन, आकार आणि बजेट पाहून करावी. मधल्या गटातही काळजीचे कारण नाही. शाओमीच्या रेडमी नोट १३ च्या ६.६७ इंची पडद्याला ३९५ पीपीआय मिळतात, नोट १३ प्रोच्या ५जी मॉडेलला १२२० × २७१२ मुळे ४४६. घडीच्या फोनची गोष्ट वेगळी: गॅलक्सी झेड फोल्ड ६ चा आतला पडदा ७.६ इंचांचा आणि ३७४ पीपीआयचा आहे, पण तो एरवीपेक्षा लांब धरला जातो, त्यामुळे चालून जातो.

प्रश्न खरा आहे तो खालच्या टोकाला. सॅमसंग गॅलक्सी ए०५ किंवा रेडमी १३सी यांसारख्या फोनवर ६.७ इंचांच्या आसपासच्या पडद्यावर ७२० × १६०० एवढेच पिक्सेल पसरलेले असतात: सुमारे २६० पीपीआय, ३० सेंटीमीटरवर दर अंशी ५४ पिक्सेल. सहा-बाय-सहा दृष्टीलाही हे अपुरे आहे. खोक्यावर 'एचडी+' लिहिलेले असते आणि ते चांगले वाटते. प्रत्यक्षात ही आजच्या बाजारातली सर्वांत खालची पायरी आहे. पडदा एलसीडी असल्याने उपपिक्सेल पूर्ण असतात, एवढी जमेची बाजू. पण उन्हात याच फोनचा उजेड कमी पडतो. हे फोन कोण घेते, हेही पाहावे: ज्याच्याकडे दुसरा संगणक नाही, टॅब नाही, ज्याचे वाचन, बँक, पासपोर्टचे अर्ज, गावच्या बातम्या सगळे त्या एका पडद्यावर चालते असा ड्रायव्हर, स्वयंपाकी, साइटवरचा कामगार. पाचशेच्या पुढचे पिक्सेल वाढवण्यात उद्योगाने जेवढी बुद्धी खर्च केली, तेवढी या २६० ला ४०० करण्यात केली असती, तर जास्त लोकांचे डोळे वाचले असते. मोजके दिनार जास्त देऊन १०८० रुंदीचा फोन घेता येत असेल तर तो घ्यावा. रिझोल्यूशनसाठी पैसे मोजावेत अशी हीच एक जागा उरली आहे.

 

वापरलेला फोन घेताना तर छापील रिझोल्यूशनवर विसंबूच नये. पडदा फुटल्यावर मूळ ओलेडच्या जागी स्वस्त एलसीडी बसवलेले आयफोन बाजारात पुष्कळ फिरतात, आणि अशा पडद्यांपैकी काहींवर मूळ पडद्यापेक्षा कमी पिक्सेल असतात. ओळखायची रीत सोपी आहे. पूर्ण काळे चित्र उघडून फोन अंधारात धरावा; ओलेडचा काळा विझलेला असतो, एलसीडीचा काळा मागच्या दिव्यामुळे करडा उजळतो. मग मराठी बातमीचे एखादे पान उघडून अक्षरे सर्वांत लहान करावीत आणि 'घ'-'ध', 'म'-'भ' यांच्या शिरोरेखा नीट पाहाव्यात. आयफोनमध्ये सेटिंगच्या 'अबाउट' पानावर सुट्या भागांचा इतिहास दिसतो. आयफोन ११ पासून पुढच्या मॉडेलांत पडदा बदललेला असेल तर तिथे नोंद येते. शेवटी दुकानाबाहेर उन्हात नेऊन पडद्याचा उजेड पूर्ण चढवावा आणि तेच पान पुन्हा वाचून पाहावे. वाचता येत नसेल तर कमी किमतीलाही तो फोन घेऊ नये.